डिझेलची वही

ॲडलेडहून पर्थला कॅरॅव्हॅन घेऊन निघतोय म्हटल्यावर कराडच्या माझ्या दादानं एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?" कुठे राहणार, काय खाणार, कांगारू आडवे येतात का, हे वहिनीनं विचारलं. दादाचा ट्रकांचा धंदा. मी म्हटलं, "ओढताना साडेपाच, फार तर सहा." तो जरा थांबला आणि म्हणाला, "अगं, हे तर आमच्या ट्रकचं ॲव्हरेज झालं की! दाजींना विचार, आत ऊस भरलाय का?"

ऊस नव्हता, पण वीस फुटी कॅरॅव्हॅन होती, आणि पाणी, गॅस, गाद्या, धान्य, खुर्च्या धरून अडीच टनांच्या वर होती. हे मी अंदाजानं सांगत नाही. निघण्याआधी आम्ही ती सार्वजनिक वजनकाट्यावर नेली होती. हिची सव्वादोन मीटरपेक्षा रुंद आणि जवळजवळ तीन मीटर उंच छाती गाडीच्या मागून दोन्ही बाजूंनी आणि वरूनही डोकावते. नुसती गाडी हायवेवर लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. मागे हे उभं कपाट अडकवलं की निम्म्यावर येते.

इथे ऑस्ट्रेलियात मात्र हिशेब उलटा, शंभर किलोमीटरला किती लिटर असा मांडतात. सुरुवातीला मी प्रत्येक आकडा मनात उलटून घ्यायचे. नंतर लक्षात आलं की ओढणाऱ्या माणसासाठी हाच हिशेब सरळ आहे. लिटरला दहाचं अकरा झालं, तर शंभर किलोमीटरमागे एक लिटरही वाचत नाही. पाचाचं सहा झालं, तर सव्वातीन लिटर वाचतं. म्हणजे गाडी जितकी जास्त पिणारी, तितकी तिच्यातली थोडीशी सुधारणाही खिशाला जाणवते. हे मी फोनवर दादाला समजावलं. तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही ड्रायव्हरला पाव किलोमीटरसाठी बोलतो."

आमचा रस्ता एअर हायवेचा. १८४१ साली एडवर्ड जॉन एअर आणि त्याचा आदिवासी सोबती वायली हे दोघं या किनाऱ्यानं अतोनात हाल सोसत पश्चिमेला पोचले, त्या एअरचं नाव रस्त्याला आहे. पोर्ट ऑगस्टापासून नॉर्समनपर्यंत सुमारे १,६६० किलोमीटर. पूर्ण डांबरी झाला तो १९७६ मध्ये. बॅलाडोनिया ते कायगुना हा १४६.६ किलोमीटरचा तुकडा एका रेषेत आहे, त्यात एक वळण नाही. सेडुना सोडल्यावर घाट म्हणावा असा चढ-उतारही नाही. पश्चिमेला जाताना युक्लाला कड्यावरून खाली उतरायचं आणि मदुराला पुन्हा वर चढायचं, एवढंच. त्यामुळे इंधनाचा अभ्यास करायला याहून बरी प्रयोगशाळा मिळायची नाही. तीच गाडी, तेच वजन, तसाच सपाट रस्ता. तरीही दर टाकीला आकडा बदलत होता आणि तो थोडाथोडका नव्हे. एकदा १६, एकदा १९, नंड्रूच्या पुढे तर २३.

वही माझ्याकडे. नोकरी बँकेत झाल्यामुळे दोन बाजू जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. गाडीच्या पडद्यावरचा आकडा मी धरत नाही, आमचा पडदा नेहमी पंपापेक्षा गोड बोलतो. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, लिटर लिहायचे, किलोमीटर लिहायचे. पुढच्या पंपावर पुन्हा तसंच भरायचं आणि भागाकार करायचा. सेडुनाला मी वहीत आणखी एक रकाना आखला आणि त्यात वारा लिहायला लागले, कुठून येतोय आणि किती. इथल्या हवामान खात्याचा अंदाज ताशी किलोमीटरमध्येच असतो, त्यामुळे हिशेबाला सोपं. तो रकाना भरत गेला तसे बाकीचे आकडे आपापल्या जागी बसत गेले.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो वेग रस्त्यावरचा नव्हे, हवेतला. आपण ताशी ९० नं चाललो आणि समोरून ३० चा वारा असला, तर कॅरॅव्हॅनच्या छातीला हवा १२० नं लागते. १२० भागिले ९०, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. तोच वारा पाठीमागून आला तर हवा फक्त ६० नं लागते आणि अडथळा निम्म्याहून कमी होतो. काटा दोन्ही वेळा नव्वदवरच. नुसत्या गाडीला हे फारसं जाणवत नाही, कारण तिची छाती लहान आणि अंग गुळगुळीत. आमच्यासारख्या जोडीला सपाट रस्त्यावर नव्वदच्या वेगात इंजिनाची बहुतेक मेहनत हवा बाजूला सारण्यातच जाते. चाकांच्या घर्षणाचा वाटा त्यामानानं बराच कमी.

आडवा वाराही सोडत नाही. तिरपा आला की कॅरॅव्हॅनची लांब बाजू अंगावर घेते, आणि स्टिअरिंगवरचे हात दुखतात ते वेगळंच.

वेगावरून आमच्यात वाद होता. नवरा शंभरचा, मी नव्वदची. वारा पडलेल्या सकाळी दोन्ही वेग आम्ही आलटून पालटून चालवून पाहिले. शंभरला १७ च्या आसपास, नव्वदला १५. सेडुना ते नॉर्समन बाराशे किलोमीटर धरले तर नव्वदनं एक तास वीस मिनिटं जास्त लागतात आणि चोवीस लिटर डिझेल वाचतं. या बाजूच्या रोडहाउसवर डिझेल शहरापेक्षा बरंच महाग, लिटरला दोन डॉलरच्या वर. म्हणजे हळू चालवण्याचे मला तासाला पस्तीस-चाळीस डॉलर सुटले. इथल्या किमान वेतनापेक्षा हे जास्त आहे, आणि काम काय तर बसून राहणं. नवऱ्याला भौतिकशास्त्र पटलं नव्हतं, हा दर पटला.

समोरून जोराचा वारा असला की मात्र नव्वदही जास्त. ३० चा वारा असताना ८० वर आलं तर हवा ११० नं लागते, आणि १२० च्या तुलनेत अडथळा सोळा टक्क्यांनी उतरतो. त्याहून खाली आम्ही जात नाही, कारण त्या रस्त्यावर मागून ३६ मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक, येत असतात आणि त्यांना कुणाच्या तरी काटकसरीपायी ब्रेक मारायला लावणं हा उर्मटपणा आहे. आमच्या यूएचएफ रेडिओवर चाळीस नंबर लावलेला असतो, ट्रकवाल्यांचा चॅनेल. "मागून येताय ते दिसलं, पुढच्या थांब्याला बाजूला होते," असं मी सांगते. बहुतेक जण आभार मानतात. एक जण म्हणाला होता, "लव्हली, डार्लिंग." हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशानं जायचं आणि डिझेल वाचवायचं, हा सल्ला कॅरॅव्हॅन पार्कात कुणी ना कुणी देतोच. आडोसा मिळतो हे खरं. पण तो मिळायला जितकं जवळ जावं लागतं, तितक्या अंतरात पाच टनांची जोडी थांबत नाही. शिवाय साडेसात मीटर किंवा त्याहून लांब वाहनानं गावाबाहेर पुढच्या लांब वाहनापासून किमान ६० मीटर अंतर ठेवावं, असा इथला नियमच आहे. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून आम्ही त्यात येतो.

वाऱ्याविरुद्ध खरा उपाय म्हणजे न निघणं. ते पैसे देऊनही मिळत नाही, त्यासाठी निवृत्त व्हावं लागतं. या हायवेवरच्या नलारबोर मैदानाच्या बाजूला हिवाळ्यात पश्चिमेचा वारा जास्त, एकामागोमाग थंड हवेचे पट्टे येतात. पट्टा येण्याआधी उत्तर-वायव्येकडून जोर असतो, तो पुढे सरकला की नैर्ऋत्येकडून. उन्हाळ्यात पूर्वेकडून वाहण्याचं प्रमाण वाढतं, पण मग उकाडा. आम्ही हिवाळ्यात पश्चिमेला निघालो होतो, म्हणजे वाऱ्याच्या तोंडात. म्हणून पहाटे चहा झाल्याबरोबर निघायचं, कारण तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो (कांगारूंसाठी पुरतं उजाडेपर्यंत थांबायचं), आणि दुपारी झाडं डोलायला लागली की मुक्काम शोधायचा. डोलायला झाडं असतील तर. नलारबोर म्हणजे सगळंच उघडं माळरान असं वाटतं, पण हायवेवरून तो झाडाविना पट्टा थोडाच लागतो, आणि नेमका तिथेच आमचा २३ चा आकडा आहे.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण फुकटच्या आहेत. सकाळी टायर थंड असताना हवा बघायची. चांगल्या रस्त्यावर तासभर चालून दाब चार पीएसआयच्या आसपास वाढला तर भरलेली हवा बरोबर, त्याहून फार वाढला तर कमी भरली होती, हा इथल्या लोकांचा जुना ठोकताळा आम्हीही पाळतो. थांबलं की प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्यायचा. एकच चाक फार तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग गेलंय, आणि डिझेल गिळण्याआधी ते चाकच निखळेल. ऑटोमॅटिक गिअर सारखा वर-खाली करायला लागला तर एक गिअर खाली धरून ठेवायचा. इंजिनाचा आवाज थोडा वाढतो, पण गिअरबॉक्स तापत नाही आणि डिझेलही वाढलेलं मला दिसलं नाही.

वजनाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. सामान काढा, पाणी ओता, असं सगळे सांगतात. चढाचा हिशेब करून बघा. शंभर किलो वजन पाचशे मीटर वर चढवायला अर्धा कपसुद्धा डिझेल लागत नाही. सपाटीवर तर त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या टाक्यांत दोनशे लिटरच्या आत पाणी, म्हणजे दोनशे किलोच्या आत वजन. पुढचा नळ दीडशे किलोमीटरवर असताना ते मी ओतणार नाही. वजनाची काळजी करायची ती सुरक्षेसाठी. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या टो-बॉलवर यावा आणि जड सामान मागच्या टोकाला नको, नाहीतर शेपूट हलायला लागते. ते एकदा सुरू झालं की ॲव्हरेज ही शेवटची चिंता.

दादाचा एक सल्ला मात्र मी चेष्टेतही घेतला नसता. खंबाटकीला काही ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात, डिझेल वाचतं म्हणून. दादानं यासाठी माणसं कामावरून काढली आहेत, मला चिडवायलाच तो म्हणाला, "तुम्हीही टाका." गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर आजकालचं इंजिन उतारावर इंधन बंदच करतं आणि गाडीला मागे धरतं. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल घेतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे वाचत काहीच नाही.

कायगुनाला एक मजेची गोष्ट. २०२२ मध्ये तिथे विजेच्या गाड्या चार्ज करायला एक यंत्र बसवलं, रोडहाउसच्या कढईतल्या वापरलेल्या तेलावर चालणारं. चिप्स तळून उरलेलं तेल! आपल्याकडे प्रत्येक वडापावच्या गाडीशेजारी एक बसवायला हरकत नाही. पण विजेच्या गाडीनं कॅरॅव्हॅन ओढली तरी हवा तीच आणि वर्गही तोच. एका चार्जमध्ये ती जिथवर जायची, त्याच्या निम्म्यावर थकते.

परतीला वारा आमच्या बाजूनं होता. थंड हवेचा पट्टा नुकता पुढे सरकलेला, नैर्ऋत्येचा वारा पाठीवर. नवरा आता नव्वदचा पक्का भक्त झाला होता, काटा हलू देईना. मी वही उघडून म्हटलं, आज शंभरनं चल, हवा सत्तरनंच लागतेय. नंड्रूला टाकी भरली तेव्हा शंभरला १३.४ निघाले. जाताना याच पट्ट्यात ऐंशीनं चालवून २३ लागले होते. पंप बिघडला असेल म्हणून त्यानं पावती दोनदा वाचली.

आता त्याच्या डोक्यात गाडीच्या छतावर बसवायचा वारा वळवणारा पत्रा आहे. कॅरॅव्हॅन पार्कात कुणी त्याची शपथ घेतो, कुणी शिव्या देतो. गाडी आणि कॅरॅव्हॅन यांच्यातलं अंतर किती, पत्रा कुठल्या कोनात, यावर सगळं अवलंबून. ज्यांनी शपथ घेतली त्यांना मी विचारते, त्या दिवशी वारा कुठून होता? कुणाला आठवत नाही. इंधनाच्या नळीला लावायची चुंबकं विकणाऱ्यांना तर मी काहीच विचारत नाही. पत्र्याचं मी अजून उघडपणे नाही म्हटलेलं नाही. आधी छतावरचा रिकामा कॅरिअर काढ, ते फुकट आहे, एवढंच सांगितलं. कॅरिअर काढून झालाय, आणि तो अजून पत्र्याचे भाव बघतोय.