शहागडचे वाळवंट

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरी ‘वाळूत खेळायला कधी नेणार?’ हा मुलांचा हट्ट काही सुटेना. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी जोहरची नमाज अदा करून आम्ही अंबडमार्गे शहागडला निघालो. सोबत दादी, धपाटे, ठेचा आणि प्लास्टिकच्या दोन बादल्या.

शहागडच्या पुलावरून गोदावरी दिसते. अलीकडे आपला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई. त्र्यंबकेश्वरला उगम पावून ही नदी सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. वर पैठणला जायकवाडी धरण. त्याचे उद्घाटन १९७६ साली झाले. तेव्हापासून इथल्या पात्रात पाणी किती, हे बरेचसे धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरते.

पुलापासून थोडे लांब गेलो. माणूस नाही, गोंगाट नाही. काठावर बगळे, कुठे एखादी टिटवी. मुलांनी चपला फेकल्या आणि किल्ला बांधायला घेतला. हातभर वाळू उकरली तोच खाली पाणी झिरपू लागले. दादी म्हणाल्या, “आम्ही लहानपणी असल्याच झिऱ्याचं पाणी प्यायचो. उन्हाळ्यात वाळवंटात टरबुजाच्या वाड्या असायच्या.”

इतक्यात धाकटा ओरडला. घोटाभर पाण्यात चालता चालता तो एकदम गळ्यापर्यंत बुडाला होता. धावत जाऊन त्याला ओढून काढले. अल्हम्दुलिल्लाह, तो वाचला! तो वाळू उपशाचा खड्डा होता. वरून पाणी सपाट दिसते, आतली खोली कळत नाही. मुलांना पात्रात एकटे कधीही सोडू नका, हे सर्वांना सांगावेसे वाटते.

असरची वेळ झाली. नदीच्या पाण्याने वुजू करताना मुलांना आठवण दिली, की वाहत्या नदीवरही पाणी उधळू नये, ही नबी (स.) यांची शिकवण आहे. थोरलीने विचारले, “मग वाळू उधळलेली चालते का?”

वाळू पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरी त्यावरच जगतात. नदीने वर्षानुवर्षे आणलेली वाळू हायवा एका रात्रीत नेतो. हे सारे तिला सांगितले. पण आमच्या घराच्या भिंतीतही हीच वाळू आहे, हे सांगताना मान खाली गेली.

परतताना बादल्यांतली वाळू मुलांनी आपणहून पात्रात ओतली.