गुडघे टेकता यावेत म्हणून

पवित्र मिस्सेत भाकर व द्राक्षारस यांच्या पवित्रीकरणाची वेळ येते, देवळात शेकडो गुडघे एकाच वेळी टेकले जातात. काही वडीलधारी माणसे मात्र बाकावर बसूनच राहतात. त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा संकोच अधिक दिसतो. हा संकोच अनाठायी आहे, हे आम्हांला प्रथम सांगावेसे वाटते. इ. स. ३२५ मधील नायसियाच्या धर्मपरिषदेने रविवारी आणि पुनरुत्थानकाळात उभे राहूनच प्रार्थना करावी, असा नियम केला होता. आजचे उपासनाविधीचे नियमही प्रकृतीच्या कारणास्तव गुडघे टेकू न शकणाऱ्यांना मोकळीक देतात. पवित्रीकरणानंतर धर्मगुरू गुडघा टेकून वंदन करतात, तेव्हा अशांनी लवून नमन करावे, एवढेच ते सांगतात.

परंतु ज्यांचे गुडघे नुकतेच कुरकुरू लागले आहेत, त्यांनी 'आता जपून बसायचे' असे म्हणून स्वस्थ राहावे, हे आम्हांला पटत नाही. गाडीचे चाक वापराने झिजते, तसाच गुडघाही झिजतो, असे आम्ही समजत आलो. देवाने घडविलेला सांधा मात्र चाकासारखा निर्जीव नाही. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते आणि त्यासाठी हालचाल लागते. शिवाय गुडघा सावरून धरण्याचे काम मांडीच्या पुढील चार स्नायूंचे. माणूस बसून राहिला की ते दुबळे होतात, सांध्यावर ताण वाढतो, दुखणे वाढते आणि दुखते म्हणून माणूस आणखी बसतो.

आमच्या आया-आज्या डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालत, विहिरीचे पाणी ओढत, भातलावणी करीत. त्यांच्या पायांना बळ देणारे हे कष्ट आता आमच्या दिनक्रमातून गेले. म्हणून ते बळ मुद्दाम मिळवावे लागते.

त्याला खर्च नाही. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी आवळून पाच आकडे मोजावेत व पाय सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने असे दहा वेळा करावे. मग हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे व हळूहळू बसावे. प्रथम उंच आसन घ्यावे आणि पाच वेळाच करावे. उताणे झोपून एक गुडघा वाकवावा व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. हे एक दिवसाआड करावे. थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले किंवा सूज आली, तर प्रमाण कमी करावे. गुडघा लाल व गरम झाला, अडकू लागला किंवा पडल्यावर सुजला, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. अंगावरचे जादा वजनही उतरवावे. १ किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ एक प्रायश्चित्तकाळ. दाखल्यातील दासाने मिळालेला तालांत हरवू नये म्हणून जमिनीत पुरून ठेवला आणि धन्याचा रोष ओढवून घेतला. गुडघ्यांचा तालांत बाकावर पुरून ठेवण्याऐवजी घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी खुर्ची मांडून आपण सर्वांनीच ही साधना आरंभावी, असे आम्हांला वाटते.