शिरगावचा उन्हाळा आणि भाचीची ढोलकी

पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, आकुर्डी मागे टाकून देहूरोडला येते. मावळात जाणाऱ्या आपल्या माणसाने येथे उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी येथील विहारात तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली. तारीखही मुलांना सांगण्यासारखी आहे. बरोबर २७ वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते; आणि देहूरोडनंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. म्हणजे नागपूरच्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. आम्ही लहानथोर अकरा जण उतरलो, वंदना घेतली आणि मग शिरगावची वाट धरली.

सोमाटणे फाट्यावरून आत वळले की शिरगाव. बाहेरच्या लोकांना हे गाव प्रतिशिर्डीच्या मंदिरामुळे ठाऊक आहे. गुरुवारी तेथे मोटारींची रांग लागते. जवळून पवना नदी वाहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, शेजारच्या गहुंज्याला २०१२ साली क्रिकेटचे स्टेडियम उभे राहिले, आणि भाताच्या खाचरांच्या मावळात उंच इमारती दिसू लागल्या. वस्तीतली तरुण पोरे आता कंपनीत जातात, रिक्षा चालवतात. तरी उन्हाळ्यात येथे करवंदे आणि जांभळे मिळतातच, आणि रात्री अंगणात अंथरूण टाकले की वाऱ्याला पंखा लागत नाही.

येथे आमच्या थोरल्या आक्काचे घर. मे महिन्यात सारी भावंडे मुलाबाळांसह तेथे जमतात. २०२५ साली १२ मे रोजी सोमवारी बुद्धपौर्णिमा आली. आदल्या दोन सुट्ट्या जोडून आम्ही शनिवारीच पोहोचलो. जाण्याचे आणखी एक कारण होते. आक्काची मुलगी, आमची भाची, तेरा वर्षांची. ती वस्तीतल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच ढोलकी वाजवणार होती.

घरात पोहोचताच कळले की वाद पेटलेला आहे. भावजींच्या आई, ज्यांना सारी वस्ती आजी म्हणते, त्यांचा ढोलकीला विरोध होता. "गाऊ दे की तिला. पेटी शिकू दे. पण कातडं बडवायचं न्हाय," असे त्यांचे म्हणणे. मुलगी म्हणून विरोध असावा असे सुनांना वाटत होते. आजीने रात्री अंगणात बसून खरे काय ते सांगितले.

आजीच्या माहेरी वडिलांकडे गावची दवंडी होती. पाटलाचे बोलावणे आले की हातातला घास टाकून हलगी गळ्यात अडकवायची. गावात कोणाचे लग्न असले की वरातीपुढे वाजवत चालायचे, आणि पंगत उठल्यावर उरलेले अन्न लांबून झोळीत घ्यायचे. पैसे द्यायचे तर ते वरून टाकायचे, म्हणजे हात लागायला नको. दीक्षेनंतर वडिलांनी हलगी खुंटीवरून काढली आणि चुलीत घातली. "त्या दिवशी आमच्या घरात सण झाला," आजी म्हणाल्या. "आता नातीच्या हातात परत त्येच देऊ?"

यावर कोणाला पटकन उत्तर सुचले नाही. तरुण वाचकांनी हे समजून घ्यावे. महारकी हे नुसते काम नव्हते, ती बांधलेली चाकरी होती. १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तेव्हा ती कागदावर संपली. पण ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्या मनातून ती कायद्याने जात नाही.

आमच्या धाकट्या भावाने दुसरी बाजू मांडली. हे कातडे आपण चळवळीसाठीही वाजवले आहे, असे तो म्हणाला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी बाबासाहेबांच्या हयातीतच आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा घाट घेतला, पण आतला माल बदलला. मेलेली जनावरे ओढू नका, मुलांना शाळेत घाला, दारू सोडा, हे ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ढोलकीच्या तालावर कळले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. १५ मे २००४ ला ते वारले. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. ही माणसे कोणाच्या हुकमाने वाजवत नव्हती.

आजी ऐकत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी लवकर तळेगावहून लोकल धरून मळवलीला उतरलो आणि भाजे लेणी पाहिली. एकूण २२ लेणी. सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाच्या छताला जुन्या लाकडी कमानी अजून आहेत. पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, तेथे मुले आपोआप गप्प झाली. शेवटच्या बाजूच्या विहारात एक शिल्प आहे. त्यात एक स्त्री तबल्यासारखे जोडवाद्य वाजवते आणि दुसरी नाचते. भाची त्यापुढे बराच वेळ उभी राहिली, आणि आपल्या मांडीवर बोटे वाजवून त्या बाईच्या हाताची ठेवण जुळवून पाहू लागली.

घरी येऊन तिने आजीला सांगितले, "आजी, दोन हजार वर्षांपूर्वी लेण्यात बाई वाजवत होती." आजीने विचारले, "त्या बाईला वाजव म्हणून कोणी सांगितलं होतं, ते दगडात लिवलंय का?" भाचीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "न्हाय लिहिलं. पण मला कोणी सांगितलेलं नाही. मलाच वाजवायचंय."

त्या एका वाक्याने जे काम झाले ते आम्हा मोठ्यांच्या दोन तासांच्या चर्चेने झाले नव्हते. आजीने परवानगी दिली, पण अटी घालून. एक, खुर्चीवर बसून वाजवायचे, कोणाच्या पुढे चालत नाही. दोन, अंगावर पैसे ओवाळून घ्यायचे नाहीत. तीन, दहावीपर्यंत अभ्यास आधी, ढोलकी नंतर.

सोमवारी संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाले, खीर वाटली गेली. सुजातेच्या खिरीची गोष्ट एका बाईंनी लहान मुलांना सांगितली. मग गाण्यांना सुरुवात झाली. भाची पांढरा पंजाबी ड्रेस घालून खुर्चीवर बसली. पहिल्या गाण्याला तिचा ताल जरा पुढे पळाला. पेटीवाल्या काकांनी मानेने खूण केली आणि तिने तो सावरला. तिसऱ्या गाण्याला मात्र ती अशी रंगली की बायका टाळ्यांचा ठेका धरू लागल्या.

तेवढ्यात एक पाहुणे शंभराची नोट घेऊन पुढे आले आणि तिच्या डोक्यावरून ओवाळू लागले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे ही रीतच पडून गेली आहे. भाचीने नोटेकडे पाहिले नाही, हात थांबवला नाही. आजी काठी टेकत उठल्या, पाहुण्यांच्या हातून नोट आपल्या हातात घेतली, म्हणजे हातातून हातात, आणि विहाराच्या दानपेटीत टाकली. "दादा, कौतुक झालं. पैसे हितं टाका," एवढेच बोलल्या. पाहुण्यांनी हात जोडून जयभीम केला. नंतर आणखी सात-आठ जण उठले आणि सरळ पेटीकडे गेले.

आम्हाला वाटते, ही चाल आपल्या सगळ्या वस्त्यांनी उचलावी. कलावंताला मानधन द्यायचे असेल तर कार्यक्रमाआधी ठरवून, पाकिटात घालून, मानाने द्यावे. मुलांचे कौतुक करायचे असेल तर वह्या-पुस्तके द्यावीत किंवा विहारात दान करावे. वाजवणाऱ्याच्या अंगावर पैसे टाकणे आता बंद झाले पाहिजे. वाद्य तेच राहिले तरी चालेल, देण्या-घेण्याची रीत बदलली पाहिजे.

सुट्टीत मुलांना कोठे न्यावे असा प्रश्न ज्या घरांना पडतो, त्यांना मावळ परवडणारा आहे. सकाळच्या लोकलने देहूरोड, तेथून मळवली, पायी भाजे, आणि जमले तर त्याच दिवशी कार्ले. भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह कार्ल्याचेच. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट नाही. भाकरी आणि पाणी बरोबर घ्यावे, उन्हाआधी चढावे. आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्यांना जुन्या गोष्टी जरूर विचाराव्यात, मुलांना समोर बसवूनच. दगडात जे लिहिलेले नाही ते त्यांच्यापाशी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!