पॉलिश आणि मेण

डबीवर जे छापलेले असते त्यावर विश्वास ठेवणारी माणसे संसारात सुखी असतात. मोटारीच्या सामानाच्या दुकानात मात्र हे सुख फार वेळ टिकत नाही. एका फळीवर पॉलिश, दुसरीवर वॅक्स, तिसरीवर ‘वॅक्स पॉलिश’, खाली रबिंग कंपाउंड आणि वर सीलंट! प्रत्येक डबीवर चकचकीत लाल गाडीचे चित्र. दुकानदाराला विचारावे तर तो म्हणतो, “सगळं एकच हो मास्तर. चकाकी आल्याशी कारण!” आता मी पडलो शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवणारा, आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. दोन निराळ्या शब्दांचा अर्थ एकच, असे कुणी म्हटले की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

आणि खरोखरच हे दोन शब्द एक नव्हेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला तेल लावतो आणि उटणे लावतो. तेल अंगात मुरते, उटणे अंगावरचे काही काढून नेते. गाडीच्या बाबतीत पॉलिश म्हणजे उटणे आणि मेण म्हणजे तेल. फरक एवढाच, की आपल्याकडे आधी तेल आणि मग उटणे. गाडीला मात्र आधी उटणे, मग तेल. पॉलिशमध्ये अतिशय बारीक कण असतात. ते रंगाचा वरचा पापुद्रा घासून सपाट करतात. मेण काहीच घासत नाही. ते नुसते वर बसून पाणी आणि धूळ अडवते. एक वजाबाकी आहे, दुसरी बेरीज.

वजाबाकी करायची तर शिल्लक किती आहे हे आधी पाहावे, हे पगारावर जगणाऱ्या मास्तराला वेगळे शिकवावे लागत नाही. आजच्या गाड्यांवर अस्तर, त्यावर रंग आणि त्यावर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चकाकी असते ती या थरात, आणि प्रत्येक पॉलिश त्यातूनच थोडे घेऊन जाते. गेलेले परत येत नाही. जुन्या फियाट आणि अॅम्बॅसेडर गाड्यांवर असा पारदर्शक थर नसे. त्यांना पॉलिश केले की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. अजूनही एखादी जुनी गाडी हाती आली, तर आडबाजूला थोडे घासून फडके पाहावे. म्हणजे आपण काय घासतो आहोत ते कळते.

आमची गाडी तशी जुनी नव्हे, पण दुसऱ्या हातची आणि गडद निळी. तिचे खरे मालक आमचे आबा. त्यांनी उभा जन्म एस. टी. चालवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला चाक उरले नाही. आता दृष्टीमुळे ते गाडी चालवतही नाहीत. पण रोज सकाळी चहा झाला की खांद्यावर पिवळे फडके टाकून ते अंगणात जातात, आणि सातारच्या रस्त्यांनी रात्रभर जमवलेली धूळ कोरड्या फडक्याने गोल गोल पुसून काढतात. चार वर्षांत एक दिवस खाडा नाही.

त्या धुळीत बारीक वाळू असते. तिने बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटली होती. सावलीत ती दिसत नसत. उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती नेमकी उमटत. चित्रकलेच्या मास्तराला याची गंमत वाटते. ओरखडे सर्व दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ दिसते. सपाट पृष्ठभाग उजेड एका दिशेला परत देतो, ओरखडलेला तो चहूकडे उधळतो. चकाकी ही डबीतून येत नाही. ती सपाटपणातून येते.

म्हणून पॉलिश निवडताना मी सर्वांत सौम्य ते घेतले. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने जात नाही. त्याच्या मागे लागून थर संपवण्यात अर्थ नसतो. आधी गाडी शांपूने धुतली, मग हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवली. डोळ्यांना न दिसणारी खर तशी बोटांना कळते. ती खास चिकणमातीच्या वडीने काढली. मग सावलीत, पत्रा गार असताना, बॉनेटचा फूटभर तुकडा स्पंजने पॉलिश करून पुन्हा धुऊन पाहिला. धुऊन पाहणे महत्त्वाचे, कारण काही डब्यांत ओरखडे बुजवणारे तेल असते; चार धुण्यांत ते निघते आणि जाळे जसेच्या तसे हजर! माझ्या तुकड्यावरची वर्तुळे निम्म्याहून अधिक गेली. तेवढ्यावर मी समाधान मानले.

आबा जवळ येऊन उभे राहिले. पॉलिश केलेला तुकडा आणि न केलेला भाग त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाले, “ही माझीच कामगिरी काय रे?”

“धुळीची, आबा,” मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळे फडके दोरीवरच होते, आणि आबा वर्तमानपत्रातल्या एकाच पानाकडे तासभर पाहत होते.

अशा वेळी वरचा लेप निवडायचा होता. गावातला एक कारागीर सिरॅमिक लेपाचा आग्रह धरत होता. ते वाळूतल्याच सिलिकाचे रसायन. नीट लावले तर वर्षानुवर्षे टिकते. “दोन वर्षं बघायला नको!” तो म्हणाला. कृत्रिम सीलंट काही महिने टिकते. आणि तिसरे कार्नोबा मेण. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते धरते. कोरड्या ऋतूत पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःसाठी तयार करते. मधमाशीचे मेण ६२ अंशांच्या आसपास वितळते, कार्नोबाला ८० हून अधिक लागतात. इतके कठीण, तरीही गाडीवर टिकते दोन-तीन महिनेच.

हिशेबाने पाहिले तर सिरॅमिक उजवे. पण ‘दोन वर्षं बघायला नको’ हे वाक्य मला आमच्या अंगणात नको होते. मी कार्नोबाची डबी आणली आणि आबांच्या हाती दिली. सोबत दोन बादल्या, एक शांपूची नि एक स्वच्छ पाण्याची, आणि मऊ मायक्रोफायबरची चार फडकी. कोरडे पुसणे बंद. धूळ आधी पाण्याने उतरवायची.

“हे किती दिवस राहतं?” आबांनी विचारले.

“दोन-तीन महिने. मग परत लावावं लागतं.”

“लावू की,” ते म्हणाले, आणि चष्मा लावून डबीवरचे बारीक अक्षर वाचू लागले.

आता त्यांची कॅलेंडरवर खूण असते. मेण ते नखभर घेतात आणि पातळ लावतात. जाड थराने चकाकी वाढत नाही, पुसायचे कष्ट मात्र वाढतात, हे त्यांनी मलाच दोनदा सांगितले आहे. परवा रात्री अवेळी पाऊस आला. सकाळी पाहिले, तर आबा बॉनेटवर वाकून पाण्याचे थेंब निरखत होते. मेण शाबूत असले की थेंब मोत्यांसारखे गोल उभे राहतात. विरले की पाणी पसरते.

“पसरायला लागलंय,” ते समाधानाने म्हणाले. “दिवाळीच्या आधी एक हात मारला पाहिजे.”