गुप्तधनाचा योग

जमिनीतून धन निघण्याचा योग आमच्या घराण्याच्या पत्रिकेत नाही. आजोबांनी विहीर खणली, तिला पाणीसुद्धा लागलं नाही. त्यामुळे इंग्लंडात सफोक परगण्यात राहणारे आमचे जावईबापू एका रविवारी दांड्याला थाळी बसवलेलं एक यंत्र घेऊन "बाबा, चला, शेतात रोमन नाणी शोधू" म्हणाले, तेव्हा मी हिच्याकडे पाहिलं.

"जा की," ही म्हणाली. "घरात चष्मा सापडत नाही, तिथे काय दिवे लावताय ते तरी बघू."

वाटेत जावयांनी जवळच्याच हॉक्सन गावची हकिकत सांगितली. १९९२ साली तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र असलंच यंत्र घेऊन तो शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातली १५,००० च्या आसपास नाणी लागली, बहुतेक सोन्याचांदीची! त्या भल्या माणसानं सगळं उपसत न बसता वर कळवलं. हातोडाही मिळाला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. (आमच्याकडे हरवलेला हातोडा शेजाऱ्यांकडे असतो.)

मालकाची परवानगी आधीच काढलेली होती. तिच्याशिवाय तिकडे कुणाच्या शेतात थाळी फिरवता येत नाही. शिवाय साठा सापडला तर सरकारला कळवावं लागतं. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांत हल्ली कोथिंबीर येत नाही.

दोन तासांत आम्ही बंदुकीच्या काडतुसांची बुडं, एक बक्कल आणि बाटल्यांची पुष्कळ बुचं एवढं गुप्तधन काढलं. यंत्र दर वेळी त्याच उत्साहानं कोकलायचं. शेवटी मात्र शर्टाच्या गुंडीएवढं काहीतरी हिरवट निघालं. जावयांनी ते उन्हात धरलं.

"बाबा, रोमन! चौथ्या शतकातलं, तांब्याचं."

"किंमत?"

"एक चहा येईल."

मी जरा हिरमुसलोच. मग वाटलं, हे काही कुणी पुरून ठेवलेलं नाही. हे कुणाच्या तरी हातून पडलंय. आणि पडलंय म्हणजे कुणीतरी ते शोधलंही असणार.

मी आठ वर्षांचा असताना रॉकेल आणायला दिलेले आठ आणे मैदानात पाडले होते. दिवेलागणीपर्यंत शोधून रडत घरी गेलो. वडील चकार शब्द न बोलता कंदील घेऊन माझ्याबरोबर आले. कंदिलात रॉकेल बेताचंच होतं. तो फडफडायला लागला तेव्हा म्हणाले, "चल, आई वाट बघत असेल." त्या आठ आण्यांचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

"बाबा, थंडी वाजतेय का?" जावयांनी विचारलं.

"वारा आहे थोडा," मी म्हटलं.

घरी हिनं दारातच विचारलं, "सापडलं का काही?"

"कुणाचे तरी आठ आणे."

"मग ज्याचे त्याला देऊन टाका की," ही म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.