वायर कुठून सोडायची?

2019 साली केंद्र सरकारने विजेच्या गाडीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आणला आणि मी स्कूटरचा विषय काढला. आमची ही म्हणाली, ‘‘चार्जिंगची वायर चौथ्या मजल्यावरून सोडायची कशी?’’ दिल्लीत हे कुणाला सुचले नसावे. खाली प्लग द्यायचा तर मीटर कुणाचा, यावर सोसायटीच्या सभांमागून सभा झाल्या. तेवढ्यात 1 जून 2023 उजाडला. फेम-2 मधले दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला 15,000 चे 10,000 झाले, मर्यादाही किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 वर. माझ्यातला बँकेचा कारकून दोन दिवस नीट जेवला नाही! आता प्लग आलाय. त्याच्यासमोर सेक्रेटरींची डिझेलची मोटार उभी असते. म्हणतात, ‘‘जागा धरून ठेवलीय हो. पुढची घेईन ती विजेचीच!’’