इसार आणि ओटीपी

'कुठून निघणार?' या रकान्यात 'नाकाडों' एवढंच टाइप केलं की गाडी बुकिंगच्या साइटला घाई होते. पहिली सूचना मुंबईच्या डोंगरीची, दुसरी डोंगरगडची. आमचं गाव नाकाडोंगरी येतच नाही. काउंटरपलीकडून गुरुजी मान वाकवून पडद्यावर बघत होते. म्हणाले, "आमाले डोंगरगडलेच जायचं आहे, हे याले कसं कळलं?"

*

माझं ऑनलाइनचं दुकान. सातबारा, ई-केवायसी, धानविक्रीची नोंदणी, रेल्वेचं तिकीट. काही वर्षांपासून लोक गाडीचं बुकिंगही मागतात. त्याच्या नोंदी वहीच्या मागच्या पानांवर ठेवतो. पुढची पानं उधारीची.

*

आमच्याकडे गाडी भाड्यानं घेत नाहीत, गाडी 'करतात'. किराया ठरतो तो असा:

"कोठी जायचं?"
"डोंगरगडले, बमलेश्वरीले."
"किती जण?"
"सात. लेकरं धरली तर नऊ."
"लेकरं धरत नाही जी आपण."

मग डिझेल कोणाचं, ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, रात्र पडली तर काय, हे अर्धवट बोलून होतं. पाचशे एक रुपये इसार हातावर ठेवला की सौदा पक्का. पावती नाही. अटी असतात, पण त्या परत आल्यावर कळतात. "एसी लावला होता ना जी." "तिकडे दोन घंटे थांबलो ना जी." आणि माणूस ओळखीचा, उद्या त्याच्याच ट्रॅक्टरनं धान न्यायचं, म्हणून वाद घालता येत नाही.

साइट अटी आधी दाखवते. कुणी वाचत नाही हा भाग वेगळा, पण आधी दाखवते. या एका गोष्टीसाठी मी तिच्या बाजूनं आहे. लेकरं मात्र ती धरते. 'प्रवासी' या रकान्यात ७ च्या वर आकडाच चढत नाही.

*

गुरुजींना हिशेब समजावताना माझाच घसा बसला. ड्रायव्हरसहित बाहेरगावची गाडी घेतली की बहुतेक कंपन्या दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात, तेवढे फिरा न फिरा. आणि मोजणी पुष्कळदा गॅरेजपासून गॅरेजपर्यंत असते. गॅरेज नागपुरात. नागपूरहून भंडारा, तुमसर, गोबरवाही करत गाडी इथं येणार आणि शेवटी रिकामी परत जाणार, यातच दोनशेच्या वर जातात. म्हणजे देवीचं दर्शन व्हायच्या आधीच किमान किलोमीटर जवळजवळ संपलेले.

"मंग आपण कोठी फिरलो?" गुरुजी.
"तुम्ही नाही गुरुजी, गाडी फिरली."

तोड निघाली. निघायचं ठिकाण नाकाडोंगरी न टाकता स्टेशन टाकायचं. तुमसर रोड स्टेशन, म्हणजे आपलं देव्हाडी, हावडा-मुंबई लाइनीवर आहे, ते साइटला माहीत आहे. नागपूरवरून तिथपर्यंतची रिकामी खेप तर आहेच, पण गावापर्यंतची वाचते. देव्हाडीपर्यंत काळीपिवळीनं जायचं, तिथून इंटरनेटच्या गाडीत बसायचं.

*

पाट्यांचा रंग ओळखायला मी गिऱ्हाइकांना शिकवतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं, खाजगी. पिवळ्यावर काळी, टॅक्सी. काळ्यावर पिवळी, स्वतः चालवायला भाड्यानं दिलेली. ही तिसरी पाटी इकडे इतकी विरळा की पहिल्यांदा आली तेव्हा पोरांनी तिच्यासोबत फोटो काढले. एका आजोबांना ती सरकारी वाटली.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ७५व्या कलमाखाली १९८९ साली रेंट-अ-कॅब योजना आली. तिच्यात परवाना हवा तर मालकाकडे किमान ५० गाड्या पाहिजेत. हा आकडा दिल्लीत बसून घातलेला दिसतो. आमच्या गावात पन्नास चारचाकी मोजायच्या तर लग्नसराईची वाट पाहावी लागेल.

अलीकडे साइटवर घर भाड्यानं द्यावं तशी कुणालाही स्वतःची गाडी 'टाकता' येते. घरी उभी आहे, चार पैसे मिळवू द्या. त्या गाड्यांपैकी काही पांढऱ्या पाटीच्या असतात. गोम अशी की खाजगी गाडी भाड्यानं द्यायला परवाना नाही, आणि खाजगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. सगळं सुरळीत असताना याचा कुणाला पत्ता लागत नाही. ठोकली की लागतो. म्हणून मी बुकिंगआधी पाटीचा फोटो मागवून घेतो. गिऱ्हाईक कंटाळतं.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असतो, आणि त्याच वेळी रस्त्यावरून आमच्याच एका भाऊची बोलेरो वऱ्हाड घेऊन जाते. एमएच-३६, पाटी पांढरीशुभ्र. माझ्या बहिणीच्या लग्नात तीच होती.

*

दवाखान्यातल्या एका सिस्टरनं स्वतःच्या फोनवरून गाडी बुक केली. नागपूर, एक दिवस, ड्रायव्हरसहित. माझ्याकडे फक्त आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. म्हणाल्या, "भाऊ, गावातली गाडी केली की आधी विचारतात कोणासोबत, मग विचारतात कायले. यानं फक्त टाइम विचारला."

*

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पट्टा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून साईबाबाचं गिऱ्हाईक वाढलं. सेल्फ-ड्राइव्ह मागतात ती पोरं. कारण विचारलं तर खर्च सांगतात, खरं कारण वेग. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला ताशी ८० चं बंधन घालणारं यंत्र असतं. त्या सरळ रस्त्यावर ८० नं जाणं पोरांच्यानं होत नाही. पण १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्या ८० ओलांडली की टूं करतात आणि १२० ओलांडली की टूं थांबतच नाही. एक जण म्हणाला, शिर्डीपर्यंत आई मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटलं.

*

फोटोचं प्रकरण. सेल्फ-ड्राइव्ह गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे फोटो काढून ॲपवर चढवायचे. मी सगळ्यांना बजावतो: वरून काढा, खालून काढा, टायर काढा, डिझेलचा काटा काढा, किलोमीटरचा आकडा काढा. पुण्याहून आलेल्या एका जावईबापूंनी काढले नाहीत. नागपूर विमानतळावर गाडी घेतली, सासुरवाडीला आणली, तीन दिवस अंगणात उभी ठेवली.

आमच्या शेजारी डोंगरी बुजुर्गची खाण. मॉइल या सरकारी कंपनीची, उघडी खाण, मँगनीजची. भरलेले टिप्पर त्या बाजूनं ये-जा करतात आणि रस्त्याची धूळ काळपट असते. परत द्यायच्या आदल्या सकाळी जावईबापूंनी ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं. धुळीत बारीक खडा असतो. फडकं जसं फिरलं तसे अर्धगोल ओरखडे उठले, इंद्रधनुष्यासारखे, डाव्या हेडलाइटपासून वायपरपर्यंत. मी बोट फिरवून पाहिलं. नखाला लागत नव्हते, उन्हात मात्र लख्ख दिसत होते.

डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. 'स्वच्छता' आणि 'पृष्ठभाग' अशा दोन ओळी. जावईबापू चिडले, मग सासऱ्यांवर चिडले, मग खाणीवर. आधीचे फोटो असते तर ओरखडे जुने म्हणता आले असते का? नसते, कारण ते नवेच होते. पण भांडता तरी आलं असतं.

जाता जाता: डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं आणि ते सुक्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांना जातं. बऱ्याच गाड्यांच्या रिमोट चावीत जो रुपयाएवढा चपटा सेल असतो, त्याच्यातही लिथियमसोबत मँगनीज डायऑक्साइडच असतं. हे मी जावईबापूंना सांगितलं. वेळ चुकली.

*

हद्द. इथून पुढे कटंगी, म्हणजे बालाघाट जिल्हा, एमपी-५०. आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्या. मुलगी दिली, सून आणली, हे सगळं हद्द न मोजता. गाडी मात्र हद्द मोजते. पूर्वी पिवळ्या पाटीची गाडी न्यायची तर 'एमपीचा टॅक्स' हा शब्द किरायाच्या बोलणीत यायचाच. मध्य प्रदेशनं १ जुलै २०२४ पासून सीमेवरचे परिवहन नाके बंद केले. शब्द अजून येतो. नाका गेला तरी टॅक्स लागतो, ऑनलाइन भरायचा, हे खरं. पण तो भरल्याची पावती दाखव म्हटलं की ड्रायव्हर खिडकीबाहेर बघतो.

कान्हाला जाणाऱ्यांना मी विचारून ठेवतो: कटंगी, बालाघाट, बैहर, मग मुक्कीचं गेट. गाडीला दुसऱ्या राज्याची परवानगी आहे का, हे साइटवर शेवटच्या शेवटी बारीक अक्षरात असतं.

*

बावनथडी धरणावरचा प्रसंग. नवरा-बायको, हैदराबादला नोकरी, गाडी किल्लीविना उघडणारी. फोनवर बटण दाबायचं, दार उघडतं. किल्ली आतल्या खणात. पाणी बघायला खाली उतरले, दार आपोआप लागलं. परत आले तर ॲप फिरतंय नुसतं.

माझा नंबर त्यांच्याकडे होता. मोटरसायकलनं गेलो. हे यंत्र कसं चालतं ते तिथं उभं राहून समजलं. फोन सांगतो कंपनीच्या सर्व्हरला, सर्व्हर सांगतो गाडीतल्या डबीला, आणि डबीत एक सिम. म्हणजे माणसाला रेंज असून भागत नाही, गाडीलाही रेंज लागते. माणूस टेकाडावर चढेल. गाडी कशी चढणार? आणि दोन राज्यांच्या मधोमध नेटवर्क कधी इकडचं, कधी तिकडचं, बहुतेक वेळा कुणाचंच नाही.

नवरा टेकाडावर जाऊन ग्राहक सेवेशी बोलत होता. तिकडची मुलगी ओटीपी मागत होती. ओटीपी बायकोच्या फोनवर, आणि बायको गाडीजवळ. तो ओरडून विचारायचा, ती ओरडून सांगायची, तोवर ओटीपी मुदतीबाहेर. एक गुराखी म्हशी घेऊन चालला होता, तो थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, "काच फोडा ना जी." मी म्हटलं, डिपॉझिट आहे. त्याला ते कारण पटलं नाही.

जंगल जवळ, अंधार पडत आलेला. बिबट्याचं नाव कुणी घेत नव्हतं, मी तर मुद्दाम नाही. शेवटी तिघंही चहाच्या टपरीपर्यंत जाऊ म्हणून मोटरसायकलकडे वळलो, आणि मागे खट्‌ आवाज. दिवे दोनदा लुकलुकले. मघाशी कधीतरी दाबलेलं बटण आत्ता पोचलं होतं. नवरा इतका धावला की चप्पल मागे राहिली.

*

बुकिंग झालं की ड्रायव्हरचं नाव आणि नंबर पुष्कळदा उशिरा येतो, निघायच्या थोडं आधी. म्हाताऱ्या माणसांना हे चालत नाही. गुरुजींच्या आईनं संध्याकाळपासून तीनदा विचारलं, "डायवर कोणाचा आहे?" मी सांगितलं, चार पॉइंट सहा. "कोणाचा म्हटलं मी."

*

उद्यासाठी: गुरुजी, डोंगरगड, ड्रायव्हरसहित. देव्हाडी स्टेशन, पहाटे पाच. सात जण साइटवर. उरलेल्या दोन लेकरांचं ड्रायव्हरशी बोलायचं. स्टेशनपर्यंत बोलेरोवाला भाऊ सोडतो म्हणाला, इसार घेतला नाही.